नाझारे: वाऱ्यावर चालणारं गाव

पोर्तुगालहून आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतोय, नाझारेला गेला होतात ना, मग त्या राक्षसी लाटा बघितल्या का. नाही बघितल्या. त्या लाटा हिवाळ्यात येतात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, आणि आम्ही गेलो जूनमध्ये, कारण आमचे वडील, आण्णा, त्याआधी मोकळे होतच नाहीत. तासगाव तालुक्यात ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, फेब्रुवारीपासून बेदाणा, तो संपतोय तोवर एप्रिलची खरड छाटणी, मग फुटवे काढणं, आणि सगळा माल एकदाचा कोल्ड स्टोरेजला जाऊन पडला की मगच आमच्या घरात सुट्टीचा विषय निघतो. धाकटा भाऊ लिस्बनला नोकरीला आहे, कधीपासून बोलवत होता, मग आई, आण्णा आणि मी असे गेलो. लिस्बनच्या चढउतारांनी आईचे गुडघे धरले तेव्हा भाऊ म्हणाला, चला, तुम्हाला एका कोळ्यांच्या गावी नेतो, तिथे पळापळ नाही, नुसतं समुद्राकडे बघत बसायचं.

लिस्बनच्या सेते रिओस स्टँडवरून थेट बस आहे, दोन तासांच्या आत पोचवते, अंतर साधारण १२० किलोमीटर. उतरलं की दोन गल्ल्या ओलांडायच्या आणि समोर समुद्र. लांबलचक अर्धगोल वाळू, उत्तरेच्या टोकाला एकदम सरळ उभा कडा, कड्यावर पांढरी घरं, दक्षिणेच्या टोकाला बंदर. वाळूवर रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी राहुट्या ओळीने लावलेल्या. आणि वारा! उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून सतत वारा वाहतो, त्याला ते लोक नोर्तादा म्हणतात. ऊन चांगलं कडक होतं तरी आईने शाल सोडली नाही. पाण्यात पाय घातला तर बर्फासारखं गार. अटलांटिक आहे, आपल्या गणपतीपुळ्यासारखं जाऊन डुंबायचा समुद्र नव्हे हा.

पहिल्या दिवशी आम्ही खरंच काही केलं नाही. किनाऱ्याला लागून मोठा रस्ता आहे, बाकं आहेत, कॉफीची दुकानं आहेत, बसलो. आण्णांना तिथली छोट्या कपातली कडक कॉफी एवढी आवडली की चहाचं नावच काढेनात. फुटपाथवर काळे कपडे घातलेल्या म्हाताऱ्या बायका हातात पाट्या घेऊन उभ्या असतात, खोली भाड्याने आहे असं चारपाच भाषांत लिहिलेलं. बऱ्याच जणींच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचे घेरदार परकर, एकावर एक, वरून ॲप्रन, खांद्यावर शाल. सात परकरांची ही नाझारेची जुनी पद्धत. सातच का तर कोणी म्हणतं सात लाटा, कोणी म्हणतं आठवड्याचे सात दिवस, कोणी इंद्रधनुष्य सांगतं. मला मात्र एक कारण सगळ्यात खरं वाटलं, की नवरा होडी घेऊन गेलेला असायचा आणि बायका वाळूवर तासन्तास वाट बघत बसायच्या, थंडी असायची, मग एक परकर पायावर, एक डोक्यावरून. ज्याने तो वारा अंगावर घेतलाय त्याला हे पटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा नेहमीसारखे पाचला उठून एकटेच फिरायला गेले आणि परत आले ते घाईघाईने, मला म्हणाले, "आगं चल लवकर, हितं आपल्यासारखी शेड घातलीया!"

शेड नव्हती, पण आण्णांना तसं का वाटलं ते मला बघितल्याबरोबर कळलं. किनाऱ्याच्या दक्षिणेच्या बाजूला वाळूवरच लाकडी चौकटी मांडलेल्या, चौकटींवर जाळी ताणलेली, जमिनीपासून चांगल्या उंच, रांगाच्या रांगा, आणि त्यावर मासे उघडून पसरलेले. नागज फाट्यावरून जाताना दोन्ही बाजूंना बेदाण्याचे रॅक दिसतात ना, जाळीवर द्राक्षं पसरलेली, अगदी तसं, फक्त आपल्याकडे एकावर एक थर असतात आणि वर छप्पर, आणि यांच्याकडे एकच थर आणि वर आभाळ. हे काम करतात त्या सगळ्या बायका. आम्ही गेलो तेव्हा तिघीचौघी होत्या, बहुतेक सगळ्या साठीच्या पुढच्या, एक जण कुटुंबातल्या तरुण पोरीला हाताशी घेऊन.

आण्णा तिथे दोन तास उभे होते. मी त्यांना कुठल्या किल्ल्यापुढे किंवा चर्चपुढे एवढा वेळ उभं राहिलेलं बघितलं नाही. एक एक गोष्ट भावाला विचारायला लावत होते आणि भाऊ त्याच्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारत होता, आणि ती मावशी पण हात न थांबवता सांगत होती. मासा पोटाकडून उघडायचा, आतली घाण काढायची, स्वच्छ धुवायचा, मग मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि जाळीवर आडवा उघडा करून टाकायचा. मुख्य मासा कारापाव, म्हणजे बांगड्यासारखा दिसणारा पण चवीला वेगळा, त्याशिवाय सार्डिन, लहान मुशी, आणि ऑक्टोपससुद्धा, ते आठ पाय पसरून टांगलेलं बघून आई दुसरीकडे बघायला लागली. दोनतीन दिवसांत मासा कडक वाळतो. पण त्यांच्याकडे अजून एक प्रकार आहे, अर्धवट वाळलेला, त्याला एन्जोआदो म्हणतात, तो थोडाच वेळ उन्हात ठेवायचा, वरून सुकलेला आणि आतून अजून मऊ.

आता आण्णांचा मुद्दा असा की समुद्राकाठी दमट हवेत हे वाळतंच कसं. बेदाणेवाल्याला हा प्रश्न पडणारच. आपल्या सांगली जिल्ह्यात शेड मुद्दाम पूर्वेला, कवठेमहांकाळ, जत, पुढे सोलापूर जिल्ह्याच्या बाजूला घालतात, का तर तिकडे हवा कोरडी. तासगावात बाग असली तरी माल तिकडे नेऊन वाळवणारे कितीतरी आहेत. आणि तरी द्राक्षाला नुसतं ऊनवारं पुरत नाही, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढावं लागतं, त्याने सालीवरचं मेणासारखं आवरण सुटतं आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते, तेव्हा कुठे बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. इथे त्या पाण्याचं काम मीठ करतं. मीठ माशातलं पाणी ओढून काढतं आणि नासूही देत नाही, मासा उघडून पातळ केलेला असतो त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंनी वारा लागतो, जाळी असल्यामुळे खालूनही, आणि नोर्तादा थांबतच नाही. ऊन नंतर, वारा आधी. आण्णा म्हणाले, "आपलं बी तेच हाय की. ऊन लागलं की बेदाणा काळा पडतो, वाऱ्यावर वाळला तर हिरवा राहतोय." मग त्यांनी भावाला विचारायला सांगितलं की अचानक पाऊस आला तर काय करता. मावशीने उत्तर न देता शेजारी ठेवलेल्या प्लास्टिकच्या गुंडाळीवर हात आपटला. आण्णा जे हसले! गेल्या अवकाळीत आम्ही रात्री बॅटऱ्या लावून शेडचे पडदे ओढत होतो त्याची आठवण झाली असणार त्यांना, मला तर झालीच.

हे वाळवण मुळात हौसेचं नाही. हिवाळ्यात समुद्र खवळला की होड्या दिवसच्या दिवस बाहेर पडायच्या नाहीत, त्या दिवसांची ती बेगमी. आणि नाझारेला तर बंदरच नव्हतं, ते १९८०च्या दशकात झालं, त्याच्या आधी होड्या थेट वाळूवरून लाटेत ढकलायच्या आणि परत आल्या की ओढून वर घ्यायच्या. त्यात कितीतरी माणसं डोळ्यादेखत गेली, किनाऱ्यावर बायका उभ्या असताना. होड्या ओढायला बैल असायचे. जुने फोटो एका कॉफीच्या दुकानात लावलेत, समुद्राच्या फेसात बैलांच्या जोड्या उभ्या आहेत आणि मागे दोर. आण्णांनी त्या फोटोचा फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकला आणि त्यावर जेवढ्या कमेंट आल्या तेवढ्या आमच्या कुठल्याच फोटोला आल्या नाहीत. त्या पद्धतीच्या जुन्या रंगीत होड्या, उंच टोकाच्या, आता वाळवणाच्या जवळच वाळूवर मांडून ठेवल्यात बघायला.

लाटांचं आणि कड्याचं थोडक्यात सांगते. कड्यावरच्या भागाला सीतिओ म्हणतात, वर जायला रुळांवरची कललेली ट्राम आहे, १८८९ सालची, राउल मेनिये दु पोंसार या इंजिनिअरने केलेली, लिस्बनची ती प्रसिद्ध लोखंडी लिफ्ट त्याचीच. वर छोटंसं देऊळ आहे आतून निळ्या फरशांचं. गोष्ट अशी की ११८२ साली सप्टेंबरमध्ये दों फुआस रुपिन्यो नावाचा सरदार धुक्यात हरणाच्या मागे घोडा दौडवत आला, हरीण कड्यावरून खाली गेलं, याने मेरीमातेचा धावा केला आणि घोडा अगदी टोकावर थांबला. आईने ही गोष्ट एवढ्या मनापासून ऐकली की तिथल्या मूर्तीपुढे हात जोडून बराच वेळ बसली. सकाळी खरंच तसं धुकं असतं, समोरचा समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही, त्यामुळे गोष्ट ऐकायची तर सकाळीच जा.

पुढे टोकाला किल्ला आहे, त्यावर लाल दीपगृह, जगात कुठेही नाझारेच्या मोठ्या लाटेचा फोटो दिसला की त्यात हेच असतं. लाट मोठी का होते त्याचं कारण समुद्राच्या तळाशी आहे. तिथे दोनशेच्या वर किलोमीटर लांबीची दरी आहे, खोली जास्तीत जास्त ५००० मीटरच्या आसपास, आणि ती जवळजवळ किनाऱ्यापर्यंत येऊन भिडते. लांबून आलेली लाट दरीच्या खोल पाण्यातून वेगाने येते आणि शेजारच्या उथळ भागावरून हळू, वेग कमीजास्त झाला की लाट वळते, मग दोन्ही बाजूंच्या लाटा प्राया दो नोर्ते या उत्तरेच्या किनाऱ्यासमोर एकमेकींवर चढतात. २०११ मध्ये गॅरेट मॅकनमाराने इथे ७८ फुटी लाटेवर सर्फिंग केलं आणि गाव जगाला माहीत झालं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सेबास्टियन श्टॉइडनर २६.२१ मीटरच्या लाटेवरून खाली आला. किल्ल्यात या सगळ्यांचे सर्फबोर्ड लावलेत. वाटेत हरणाचं डोकं असलेल्या सर्फरचा मोठा पुतळा आहे, म्हणजे जुनी गोष्ट आणि नवी गोष्ट एकाच दगडात, मला तो फार आवडला. आम्ही बघितला तेव्हा तो समुद्र खाली बऱ्यापैकी शांत होता.

जेवणाचं सांगायला हवं कारण आई माळकरी आहे आणि सगळे घाबरवत होते की कोळ्यांच्या गावात ती खाणार काय. तिचं अगदी व्यवस्थित झालं. टोमॅटोचा रसरशीत भात मिळतो, राजम्यासारख्या घेवड्याचा भात, मक्याच्या पिठाचा जाड पाव, ऑलिव्ह, आणि जून असल्यामुळे चेरी. आम्ही तिघांनी सार्डिन खाल्ले, कोळशावर भाजलेले, वर जाडं मीठ, खाली पावाची फोड जी माशाचं तेल पिऊन सगळ्यात चविष्ट होते. जूनमध्ये सार्डिनला तेल चांगलं सुटतं. आणि एन्जोआदो, बटाट्याबरोबर उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लसूण. आमच्याकडे आठवडी बाजारातलं सुकट-बोंबील खाऊन वाढलेल्या माणसाला हा प्रकार एकदम वेगळा लागतो, वास कमी, मीठही बेताचं, मांस घट्ट. मला ताज्यापेक्षा हा जास्त आवडला हे अगदी खरं सांगते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या चौकटींच्या शेजारीच छोटी टेबलं आहेत आणि जिने मासा वाळवला तीच तिथे बसून विकते. भाव तीच सांगते, वजन तीच करते, पैसे तिच्याच ॲप्रनच्या खिशात जातात. ताज्या माशाचा पहिला सौदा पोर्तुगालमध्ये लोटावरच व्हावा लागतो, लोटा म्हणजे सरकारी देखरेखीखालचा लिलाव, आणि तिथे भाव वरून सुरू होऊन खाली येत जातो, ज्याला परवडतो तो मध्येच बटण दाबून माल उचलतो. हे ऐकून आण्णा विचारात पडले, तासगावच्या सौद्यात बोली खालून वर जाते. "म्हंजी हितं घेणाऱ्याला घाई, विकणाऱ्याला न्हाय," म्हणाले. पण एकदा का मासा त्या बाईच्या हातात आला की पुढचं सगळं तिचं.

मला आमच्या शेडवरच्या बायका आठवल्या. द्राक्षं जाळीवर एकसारखी पसरायची, वाळल्यावर रॅक झाडून माल खाली घ्यायचा, मग काडी, काळा दाणा, बारीक दाणा वेगळा करत दिवसदिवस मान खाली घालून निवडायचं, सगळं बायकाच करतात. दाणा बोटात धरून यात अजून पाणी आहे की नाही हे सांगणाऱ्या मावशा आहेत आमच्याकडे, मशीनपेक्षा आण्णा त्यांच्यावर विश्वास ठेवतात. सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात या बोटांचा वाटा आहे. पण त्यांना मिळते ती रोजची हजेरी. बॉक्सवर त्यांचं नाव नसतं आणि सौद्याला त्यांच्यातली एकही नसते.

संध्याकाळी बाकावर बसून मी हे आण्णांना बोलून दाखवलं. म्हटलं, "आण्णा, आपल्या मावशांनी थोडा माल स्वतः विकला तर?" ते म्हणाले, "भांडवल कुठनं आणायचं त्यांनी? औषधाचा खर्च, शेडचं भाडं, भाव पडला तर कोण सोसणार?" त्यांचं चूक नाही, बाग माणसाला कशी बुडवते हे त्यांनी भोगलंय. मी म्हटलं सगळा माल कशाला, निवडून झालेल्यातला काही भाग, रास्त भावात, पैसे विकल्यावर. आईने तेवढ्यात मध्येच सांगितलं की आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायका चटण्या विकतातच की, बेदाणा त्याहून सोपा, नासत नाही. आण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि मग भावाला म्हणाले, उद्या त्या बाईला विचार, टेबलाला भाडं किती पडतं आणि न विकलेल्या मालाचं काय करते. दुसऱ्या दिवशी विचारलं. ती म्हणाली न विकलेला घरात खातो, आणि चांगला वाळलेला असेल तर उद्याही विकला जातो.

कोणी जाणार असाल तर उन्हाळ्यात जा म्हणजे वाळवण बघायला मिळेल, भर ऑगस्टमध्ये मात्र गर्दी फार असते असं भाऊ सांगतो. जून असला तरी जाड जॅकेट न्या. एका दिवसात परत फिरू नका, लिस्बनहून टूरच्या बसेस येतात, लोक किल्ल्यावर फोटो काढतात आणि दोन तासांत जातात, वाळूवरच्या त्या भागात फिरकतही नाहीत. फिरकलेच तर बायकांच्या तोंडासमोर फोन धरतात आणि काही न घेता जातात, मला ते बघून फार वाईट वाटलं. आधी विचारा, थोडं तरी विकत घ्या, आणि एन्जोआदो मागा, हॉटेलवाल्याला दिलं तर शिजवूनही देतात, आम्हाला दिलं.

आणि आमचं असं ठरलंय की येत्या हंगामात शेडवरच्या मावशा अर्धा अर्धा किलोची पाकिटं करतील, पाकिटावर त्यांची नावं असतील, आणि मी ती सांगलीत विश्रामबागला आमच्या सोसायटीपासून विकायला सुरुवात करणार. आण्णांनी पहिल्या वर्षाला माल किती द्यायचा ते अजून सांगितलेलं नाही पण द्यायचं कबूल केलंय. हिरवा लांब दाणा की पिवळा गोल, मिरज-सांगलीत कोणाला कुठला जास्त लागतो ते मार्चच्या आत मला कळलं तर फार बरं होईल.